व्हिक्टोरियांतील वणवे आणि घरांचें रक्षण (सन १८५१ ते सन २००९)

ऑस्ट्रेलिया खंडाच्या आग्नेय कोपऱ्यांत व्हिक्टोरिया नांवाचें राज्य आहे. विस्तारानें तें महाराष्ट्राहून लहान. परंतु वणव्यांनीं मनुष्यवस्तीची सर्वांत अधिक हानि केलेल्या जगांतील प्रदेशांत त्याची गणना होते. युरोपीय लोकांची वसाहत तेथें होऊन अद्यापि दोनशें वर्षें झालीं नाहींत. एवढ्या अल्प काळांत वणव्यांच्या चौकशीसाठीं जितकीं मंडळें तेथें बसलीं व जितके अहवाल छापले गेले, तितके दुसऱ्या कोठें क्वचितच निघाले असतील. त्यामुळें वणव्यापासून घर व गांव कसें राखावें याविषयींच्या लोकांच्या समजुती कशा बनल्या, कशा बदलल्या, आणि कोणत्या समजुतीसाठीं किती प्राण मोजावे लागले, हें कागदांवरून पाहण्याची सोय त्या राज्यांत झाली आहे. प्रस्तुत लेखांत आम्ही या विस्तृत साधनसामग्रीपैकीं एकाच प्रश्नापुरता विचार करणार आहों. तो प्रश्न असा कीं, वणव्यांत घर पेटतें तें नेमकें कसें? प्रश्न दिसण्यांत साधा आहे. त्याचें बरेंचसें बरोबर उत्तर सन १९४५ सालीं छापून प्रसिद्ध झालें होतें. परंतु तें राज्याच्या धोरणांत व बांधकामाच्या नियमांत उतरावयास आणखी चाळीस वर्षांहून अधिक काळ लागला. हा विलंब कसा झाला हें सांगणें हा या लेखाचा मुख्य हेतु होय.

प्रथम वणव्याच्या स्वरूपाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. आपल्याकडे वणवा म्हटला म्हणजे फाल्गुन-चैत्रांत सह्याद्रीच्या उतारावर रात्रीं दिसणारी तांबडी रेघ डोळ्यांपुढें येते. ती आग वाळलेल्या गवतांतून व पाचोळ्यांतून सरपटत जाते. झाडांचे बुंधे काळे होतात, पण शेंडे बहुधा पेटत नाहींत, आणि जंगलखात्यानें वेळेवर जाळरेषा काढल्या असल्या तर पुष्कळदां ती तेथें येऊन थांबते. हें चित्र मनांत धरून व्हिक्टोरियाचे अहवाल वाचूं लागल्यास त्यांतील निम्म्या गोष्टी अतिशयोक्त वाटतील. तेथील अरण्यें मुख्यतः निलगिरीच्या जातीच्या वृक्षांचीं आहेत. या वृक्षांच्या पानांत तेल असतें, आणि कित्येक जातींत सालीच्या लांब चिंध्या बुंध्यावरून लोंबत असतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हा तेथील उन्हाळा. त्या दिवसांत खंडाच्या मध्यावरील वाळवंटाकडून उत्तरेचा तप्त वारा सुटला कीं आग शेंड्यांपर्यंत चढते, आणि पेटलेल्या सालीच्या चिंध्या वाऱ्यावर कित्येक मैल पुढें जाऊन पडतात. पुढें सायंकाळच्या सुमारास नैर्ऋत्येचा थंड वारा एकाएकीं येतो. तेव्हां आगीची पूर्वेकडील लांबच लांब कड हीच तिचें तोंड बनते. थंड वारा आला म्हणून माणसें सुटकेचा निःश्वास टाकणार तोंच घात होतो. सन १९८३ व २००९ या दोन्ही सालीं हें घडलेलें आहे. सारांश, जेथें आग दहा मैलांवरून उडी घेते तेथें वीस हात रुंदीच्या जाळरेषेचा कितपत उपयोग, हा प्रश्न आपल्या वाचकांनीं आरंभींच ध्यानांत ठेवावा.

या प्रदेशांतील पहिला मोठा नोंदलेला वणवा ता. ६ फेब्रुवारी १८५१, गुरुवार, या दिवसाचा. त्या वेळीं व्हिक्टोरिया हें निराळें राज्य झालेलेंहि नव्हतें. तें त्याच वर्षीं जुलैंत झालें. या एका वणव्यांत सुमारें पन्नास लक्ष हेक्टर, म्हणजे राज्याचा जवळजवळ चौथा हिस्सा, जळाला. मेंढ्या सुमारें दहा लक्ष मेल्या. मनुष्यहानि मात्र बारांची नोंदलेली आहे. वस्ती विरळ होती एवढेंच याचें कारण. विल्यम स्ट्रट या चित्रकारानें पुढें सन १८६४ मध्यें या दिवसाचें एक मोठें चित्र काढलें. तें मेलबर्नच्या राज्य-ग्रंथालयांत आहे. त्यांत घोडे, गुरें, मेंढ्या व माणसें एकाच दिशेनें जीव घेऊन धांवत आहेत. आमच्या मतें या चित्राचें ऐतिहासिक महत्त्व त्यांत काय आहे यापेक्षां काय नाहीं यांत अधिक आहे. त्यांत पळ आहे, रक्षण नाहीं. घर वांचवितां येतें ही कल्पनाच त्या पिढीच्या मनांत रुजलेली दिसत नाहीं.

पुढील पन्नास वर्षांत सोन्याच्या खाणी, लोहमार्ग व शेतीसाठीं जमिनीची मागणी यांमुळें वस्ती डोंगरांत शिरली. शेतकरी रान तोडून जाळीत व त्या राखेंत गवत पेरीत. गुरें चारणारे कोवळ्या गवतासाठीं दरसाल रान पेटवीत. मूळचे रहिवासी लोकहि गवताळ प्रदेश जाळीत असत, परंतु त्यांचें जाळणें ऋतुमान व जागा पाहून होई. नव्या वसाहतवाल्यांना तें तारतम्य नव्हतें. ता. १ फेब्रुवारी १८९८ रोजीं गिप्सलँड भागांत जो वणवा झाला त्यांत बारा माणसें व दोन हजारांवर इमारती गेल्या. सन १८५१ मध्यें मेंढ्या मेल्या होत्या. सन १८९८ मध्यें घरें जळालीं. वस्ती कोणीकडे सरकली तें या दोन आंकड्यांत दिसतें.

याच काळांत या इतिहासाचा आपल्या देशाशीं एक संबंध येतो. आपल्याकडे तो फारसा ज्ञात नसल्यामुळें येथें नमूद करतों. व्हिक्टोरियाच्या सरकारापाशीं शिकलेले जंगल-अधिकारी नव्हते. हिंदुस्थानांत मात्र ब्रँडिस याच्या काळापासून जंगलखातें उभें राहिलेलें होतें, आणि सातपुड्यांतील बोरीच्या जंगलांत कर्नल पिअर्सन यानें सन १८६५ च्या सुमारास वणवे रोखण्याचा प्रयोग यशस्वी करून दाखविला होता. म्हणून सन १८८७ मध्यें हिंदुस्थानच्या जंगलखात्यांतील व्हिन्सेंट या अधिकाऱ्यानें व्हिक्टोरियाच्या अरण्यांची पाहणी करून कडक अहवाल दिला, आणि त्यानंतर सन १८९५-९६ मध्यें खुद्द हिंदुस्थान सरकारचे जंगलांचे इन्स्पेक्टर-जनरल रिबेनट्रॉप यांनीं तसाच अहवाल लिहिला. त्याचा परिणाम होऊन एक चौकशी-मंडळ नेमलें गेलें, सन १९०७ मध्यें जंगलांचा कायदा झाला व सन १९१८ मध्यें जंगल-मंडळ स्थापन झालें. येथें एक विलक्षण योग सांगण्यासारखा आहे. रिबेनट्रॉप यांचा अहवाल ज्या सन १८९६ मधला, त्याच वर्षीं त्यांच्याच खात्याच्या 'इंडियन फॉरेस्टर' मासिकांत स्लेड नामक अधिकाऱ्यानें ब्रह्मदेशांत वणव्यांपासून जंगलाचें अति रक्षण होत आहे व त्यानें सागवानाचें नुकसान होतें अशी तक्रार छापली. आग सर्वस्वीं बंद करावी कीं योग्य वेळीं थोडी आपणच लावावी हा वाद आपल्या जंगलखात्यांत असा सुरू झाला. व्हिक्टोरियांत तो त्यानंतर चाळीस वर्षांनीं रणें माजवून झाला.

मात्र हा सर्व विचार जंगलाचा होता. झाडें कशीं वांचवावीं हा त्याचा विषय. माणसें व घरें त्यांत आनुषंगिक. सन १९२६ मध्यें साठ माणसें मेलीं, तरीहि विचाराची दिशा बदलली नाहीं. नूजी नांवाचें गांव त्या वर्षीं जळालें, तेथेंच पुन्हां तसेंच बांधलें गेलें, आणि तेरा वर्षांनीं पुन्हां जळालें.

आतां सन १९३९ च्या जानेवारीकडे वळूं. आपल्याकडे जे संक्रांतीचे दिवस ते तेथें ऐन उन्हाळ्याचे. दीर्घ अवर्षणानंतर त्या महिन्यांत मेलबर्न येथें उष्णता वाढत जाऊन ता. १३ जानेवारी, शुक्रवारीं ती ४५.६ अंश सेल्सियस झाली. डोंगरांत आठवड्याभरापासून शेंकडों लहान आगी जळत होत्या. कोणी लावल्या, कोणी विझविल्या नाहींत, कोणी पाहून पुढें गेले. त्या सर्व त्या दिवशीं वाऱ्यानें एकत्र झाल्या. त्या हंगामांत एकंदर ७१ माणसें मेलीं, वीस लक्ष हेक्टरपर्यंत भूमि जळाली, ६९ लांकूड कापण्याच्या गिरण्या नष्ट झाल्या, आणि नूजी, नार्बेथाँग, वुड्स पॉइंट अशीं गांवें जवळजवळ नाहींशीं झालीं.

मृतांपैकीं पुष्कळजण गिरण्यांतील मजूर व त्यांचीं कुटुंबें होतीं, आणि त्यांची वस्ती कशी होती हें समजल्याखेरीज पुढील वाद समजणार नाहीं. माउंटन ॲश म्हणून जो अत्यंत उंच निलगिरी वृक्ष तेथें होतो त्याच्या ऐन दाटींत या गिरण्या बसविलेल्या असत. लांकूड जेथें तोडावयाचें तेथेंच कापणें स्वस्त पडे. गिरणीभोंवतीं मजुरांच्या फळ्यांच्या झोंपड्या, भुश्शाचे डोंगर, कापलेल्या लांकडांच्या राशी व तोडलेल्या झाडांचा शेंडे-फांद्यांचा कचरा. बाहेर जाण्यास बहुधा एकच मार्ग, लांकडी रुळांची ट्राम. ती ठिकठिकाणीं दऱ्यांवरील लांकडी पुलांवरून जाई. आग आली म्हणजे पूल आधीं जळे. अशा वस्तींत राहणाऱ्यास पळण्यास वाट नाहीं व थांबण्यास जागा नाहीं. कांहीं गिरण्यांनीं टेंकडीच्या पोटांत भुयारें खणून, आंतून लांकडाचे टेकू देऊन, वर माती घालून, तोंडाशीं ओल्या कांबळ्याचा पडदा लावण्याची सोय केली होती. पुष्कळांनीं केली नव्हती. कांहीं भुयारांत माणसें वांचलीं. कांहींत गुदमरून मेलीं. मॅटलॉक येथील एका गिरणींत सोळांपैकीं पंधरा माणसें गेलीं, आणि ओलें कांबळें पांघरून पडलेला एकच वांचला.

या प्रलयाची चौकशी करण्यास न्यायाधीश लेनर्ड स्ट्रेटन यांचें एकसदस्य रॉयल कमिशन नेमलें गेलें व त्यांनीं मे १९३९ मध्यें अहवाल दिला. स्ट्रेटन यांचा अहवाल व्हिक्टोरियाच्या गद्याचा नमुना मानला जातो. त्यांतील उतारे शाळांतून भाषेच्या अभ्यासासाठीं लाविले गेले. आगी बहुतेक मनुष्याच्या हातूनच लागल्या, हा त्यांचा निर्णय सर्वतोमुखीं झाला. परंतु आम्हां इतिहासाच्या अभ्यासकांना त्यांत विशेष वाटतो तो साक्षीपुराव्याविषयींचा भाग. मजूर गिरणीमालकाच्या भीतीनें बोलत नाहींत, तरुण जंगल-अधिकारी वरिष्ठांकडे पाहून बोलतात, आणि पुष्कळ साक्ष स्वार्थानें रंगलेली, कित्येक तर उघड खोटी आहे असें न्यायाधीशांनीं स्पष्ट लिहून ठेवलें आहे. वतनाच्या तंट्यांतील महजर ज्यांनीं वाचले आहेत त्यांस हा अनुभव परका वाटणार नाहीं. फरक इतकाच कीं आपल्या महजरांत साक्षीदार देवाची व पूर्वजांची शपथ घेऊन खोटें बोलतो व निवाडा करणारा त्याविषयीं बहुधा मौन धरतो. स्ट्रेटन यांनीं तें मौन धरलें नाहीं.

त्यांच्या शिफारशींतील मुख्य म्हणजे आगीच्या बंदोबस्ताचा अधिकार एका हातीं द्यावा, योग्य ऋतूंत नियंत्रित जाळणी करावी, आणि गिरण्यांभोंवतीं जागा साफ ठेवून तेथें आसऱ्याची सोय असावी. भुयार हें आसऱ्याचें ठिकाण कीं मृत्यूचा सांपळा, यावर साक्षीदारांत तीव्र मतभेद झाला. सन १९३९ च्याच कायद्यानें जंगल-मंडळाचा अधिकार वाढविला. सन १९४४ च्या कायद्यानें ग्रामीण भागासाठीं निराळें अग्निशमन-मंडळ स्थापून त्यानें एप्रिल १९४५ पासून काम सुरू केलें. पुढें मोटारी व रस्ते आल्यावर गिरण्या हळूहळू अरण्य सोडून गांवांत आल्या. मजुरांचे प्राण वांचविण्यास हा बदल आम्हांस सर्व कायद्यांहून अधिक कारण झालेला दिसतो, आणि तो बराचसा खर्चाच्या हिशेबानें झाला.

असो. इतकें सर्व होऊनहि आमच्या मूळ प्रश्नाचें उत्तर स्ट्रेटन यांच्या अहवालांत नाहीं. आग कोणी लावली, तिला आवर कोणीं घालावा, दोष कोणाचा, हे न्यायाधीशाचे प्रश्न. ते त्यांनीं उत्तम सोडविले. घर कसें पेटलें हा निराळ्याच मनुष्याचा प्रश्न होता, आणि तो विचारला जाण्यास आणखी पांच वर्षें गेलीं.

ता. १४ जानेवारी १९४४ रोजीं मेलबर्नच्या दक्षिणेकडील समुद्रकांठच्या बोमारिस या उपनगरांत वणवा शिरला. हें ठिकाण डोंगरांतील नव्हे. घरें शहरी वळणाचीं, मध्यें झुडुपांचें रान, पलीकडे समुद्र. पुष्कळ लोक पाण्यांत जाऊन उभे राहिले व आपलीं घरें जळतांना त्यांनीं कांठावरून पाहिलीं. त्या वेळीं लोकांची समजूत अशी होती कीं वणव्याच्या उष्णतेनें घर एकाएकीं स्फोट होऊन पेटतें, त्यापुढें मनुष्याचा इलाज नाहीं. राष्ट्रीय संशोधन-परिषदेंतील बॅरो नांवाच्या संशोधकानें बोमारिसच्या घरांची घरटी पाहणी केली आणि तिचें फळ परिषदेच्या नियतकालिकांत सन १९४५ मध्यें प्रसिद्ध केलें. त्याचा निष्कर्ष लोकसमजुतीच्या नेमका उलट होता. घरें स्फोटानें पेटत नाहींत. बहुतेक घरें ज्वालेचा प्रत्यक्ष स्पर्श होऊन पेटलेलीं नव्हतीं. वाऱ्यानें आलेल्या ठिणग्या व निखारे बारीकसारीक फटींतून आंत शिरून तीं पेटलीं होतीं.

या निष्कर्षाचा अर्थ किती दूरवर जातो तें थोडें उकलून सांगणें अवश्य आहे. वणव्याचें तोंड एखाद्या घरावरून कांहीं मिनिटांत निघून जातें. परंतु ठिणग्यांचा वर्षाव त्याच्या आधीं सुरू होतो व नंतरहि कांहीं तास चालू राहतो. ठिणगी पन्हळींत सांचलेल्या पाचोळ्यावर पडते. वळचणीच्या फटींतून माळ्यावर जाते. जमिनीच्या फळ्यांखालीं जी पोकळी असते तींत शिरते. ओट्यावरील पायपुसण्यावर, दाराशीं रचलेल्या सरपणावर, फुटलेल्या खिडकीच्या कांचेंतून पडद्यावर पडते. प्रथम ती ओंजळभर पाण्यानें विझेल एवढी असते. अर्ध्या तासानें तेंच घर कोणाच्यानें विझत नाहीं. आणि एक घर पेटलें म्हणजे तेंच शेजारच्या घराला वणवा होतें. म्हणून पुष्कळशा घरांचा निकाल अरण्यांत लागत नाहीं. घरापासून चाळीस-पन्नास हातांच्या आंत, आणि पुष्कळदां घराच्या अंगावरच, लागतो. यावरून हेंहि निघतें कीं पन्हळी साफ, फटी बुजविलेल्या, सरपण दूर रचलेलें व हातीं बादली घेतलेला धडधाकट मनुष्य घरांत, एवढ्यानें पुष्कळ घरें वांचूं शकतात. सन १८५१ च्या चित्रांत जी कल्पना नव्हती ती येथें प्रथम पुराव्यानिशीं आली.

आणि मग ती कोठें गेली? बॅरोच्या लेखास शाळेंतील पुस्तकांत स्थान मिळालें नाहीं; तो आंकड्यांचा, तक्त्यांचा लेख. त्याच्यामागें न्यायासनाचा अधिकार नव्हता, दोषी ठरविण्यास कोणी गुन्हेगार नव्हता. युद्ध चालू होतें. शिवाय नवीन अग्निशमन-मंडळाची सर्व शक्ति आग विझविण्याच्या साधनांकडे लागली: बंब, टेहळणीचे मनोरे, स्वयंसेवकांचीं पथकें. हीं साधनें दिसतात, त्यांचें उद्घाटन करतां येतें. घरमालकानें आपली पन्हळ साफ करावी यांत उद्घाटन करण्यासारखें कांहीं नाहीं. आमच्या मतें या विस्मरणाचें खरें कारण हेंच कीं त्या लेखानें रक्षणाचें ओझें सरकारच्या खांद्यावरून काढून निम्में घरमालकाच्या व गवंडी-सुताराच्या खांद्यावर ठेवलें होतें, आणि तें घ्यावयास त्या वेळीं कोणी पुढें आलें नाहीं.

मधल्या काळांतील एका घटनेचा उल्लेख करून पुढें जातों. ता. ८ जानेवारी १९६९ रोजीं लारा या गांवाजवळ हमरस्त्यावर गवताची आग आडवी आली, धुरानें मोटारी थांबल्या व सतरा माणसें मेलीं. त्यांपैकीं पुष्कळजण मोटार सोडून धांवत सुटलेले होते. मोटारींतच बसून राहिलेले पुष्कळजण आग निघून जाईपर्यंत तगले. उशिरां पळणें हें थांबण्याहून घातक, असा धडा अधिकाऱ्यांनीं यांतून घेतला, व तो चूक नव्हता.

ता. १६ फेब्रुवारी १९८३, बुधवार, रोजीं व्हिक्टोरिया व शेजारचें साउथ ऑस्ट्रेलिया या दोन राज्यांत मिळून ७५ माणसें व दोन हजारांवर घरें गेलीं. या वेळीं मात्र राखेंतून पाहणी करणारे पुष्कळ निघाले. विल्सन व फर्ग्युसन या दोघांनीं माउंट मॅसिडन येथील सुमारें साडेचारशें घरें तपासलीं. ज्या घरांत धडधाकट माणसें राहून विझवीत होतीं तीं घरें, सोडून दिलेल्या घरांपेक्षां कितीतरी अधिक प्रमाणांत वांचलीं, असें त्यांस आढळलें. त्याच राष्ट्रीय संशोधन-संस्थेनें दुसरीकडे हजारांवर घरें पाहिलीं व ठिणग्या हेंच घर पेटण्याचें प्रधान कारण ठरविलें. बॅरोनें अडतीस वर्षांपूर्वीं जें सांगितलें तें असें पुन्हां शोधून काढावें लागलें. त्यानंतर वणव्याच्या प्रदेशांतील बांधकामाचें राष्ट्रीय मानक सन १९९१ मध्यें निघालें, आणि हळूहळू एक धोरण सर्वत्र रूढ झालें: घराची तयारी करून थांबा व राखा, नाहीं तर फार आधींच निघून जा.

या धोरणाविषयीं आज कठोर बोलण्याची रीत पडली आहे. आम्हांस तें न्याय्य वाटत नाहीं. तें लारा व मॅसिडन येथील पुराव्यावर उभें होतें, आणि मध्यम प्रतीच्या वणव्यांत त्यानें घरें व माणसें वांचविलीं. त्याचा दोष निराळा होता. पुरावा धडधाकट माणसांचा, तयार घरांचा व एका विशिष्ट प्रखरतेपर्यंतच्या आगीचा होता. धोरण मात्र सर्वांना, सर्व घरांना व सर्व दिवसांना लागूं केलें गेलें. 'थांबा किंवा आधीं जा' यांतील दुसऱ्या अर्ध्यास 'आधीं' म्हणजे केव्हां हें कोणीं सांगितलें नव्हतें. बहुतेक लोक थांबून पाहत राहिले. धूर दिसल्यावर ठरवूं म्हणाले.

ता. ७ फेब्रुवारी २००९, शनिवार. मेलबर्नमध्यें उष्णता ४६.४ अंश, म्हणजे सन १९३९ चा उच्चांक सत्तर वर्षांनीं मोडला. किलमोर ईस्ट येथें विजेची एक तार तुटून आग लागली व ती वाऱ्याबरोबर किंगलेकच्या पठाराकडे गेली. या एकाच आगींत ११९ माणसें मेलीं. दुसऱ्या आगीनें मेरीस्विल गांव जवळजवळ सगळें नेलें. एकंदर मृत्यु १७३. घरें दोन हजारांहून अधिक. मृतांपैकीं ११३ जण घरांत सांपडले. न्यायमूर्ति बर्नार्ड टीग यांच्या अध्यक्षतेखालील रॉयल कमिशननें सन २०१० मध्यें ६७ शिफारशी केल्या. मृतांपैकीं शेंकडा ४४ लोक बारा वर्षांखालील मुलें, सत्तर वर्षांवरील वृद्ध अथवा आजारी व अपंग होते असें त्यानें दाखविलें. घर राखावयास थांबण्याची ज्यांची शक्ति नव्हती असे ते. उरलेल्यांत तयारी न केलेले पुष्कळ होते. पण उत्तम तयारी केलेलेहि होते, आणि ही गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. त्या दिवशींच्या कांहीं ठिकाणच्या आगीपुढें कोणतेंहि साधें घर राखतां येण्यासारखें नव्हतें.

कमिशननें धोरण रद्द केलें नाहीं. त्याची मर्यादा आंखून दिली. अति भयंकर दिवसांसाठीं निराळी श्रेणी ठरविली गेली, आणि अशा दिवशीं घर कितीहि तयार असो, आदल्या रात्रीं किंवा पहांटेंच बाहेर पडणें हेंच सुरक्षित असें सांगण्यांत येऊं लागलें. निघून जाऊं न शकणाऱ्यांसाठीं आसऱ्याचीं ठिकाणें हवींत हेंहि मान्य झालें. सन १९३९ च्या साक्षीदारांनीं ज्यावर भांडण केलें त्या भुयाराचा प्रश्न येथें पुन्हां वर आला: खासगी आसऱ्याच्या भुयारांत हवा किती वेळ पुरावी, आंतील उष्णता किती असावी, दार कोणीकडे असावें, याचें मानक सन २०१० मध्यें तयार झालें. एकाहत्तर वर्षांपूर्वीं टेंकडी खणून ओलें कांबळें टांगणाऱ्या मजुरास हे प्रश्न ठाऊक होते. त्यांचीं उत्तरें देणारें कोणी नव्हतें, इतकेंच.

बांधकामाचें सुधारलेलें मानक आगीनंतर चार-पांच आठवड्यांतच, मार्च २००९ मध्यें, व्हिक्टोरियांत लागूं करण्यांत आलें. घराची जागा, उतार, झाडांपासूनचें अंतर व वृक्षांची जात पाहून त्यावर आगीचा मारा किती होईल याच्या सहा पायऱ्या त्यांत ठरविल्या आहेत, आणि पायरीप्रमाणें भिंत, छप्पर, दारें, कांचा यांचे नियम आहेत. त्यांत एक लहानसें कलम आहे. घराच्या हवेच्या झरोक्यांवर व उघड्या जागांवर धातूची जाळी बसवावी, आणि तिचें छिद्र दोन मिलिमीटरांहून मोठें नसावें. बोमारिसच्या जळक्या घरांतून हिंडून बॅरोनें ज्या फटी दाखविल्या त्यांचें माप कायद्यांत असें येऊन बसलें. मेलबर्नच्या नव्या उपनगरांतून आज मराठी कुटुंबेंहि राहतात. शहराची कड डोंगराकडे सरकत आहे, आणि तिकडे नवीं घरें घेणारांस ही जाळी आपल्या नकाशांत दिसेल. मात्र हें मानक नव्या बांधकामास व मोठ्या फेरफारांसच लागतें. त्यापूर्वीं बांधलेलीं घरें, ज्यांच्या वळचणी उघड्या व पन्हळी पाचोळ्यानें भरलेल्या आहेत, तीं त्या डोंगरांत अद्यापि जशींच्या तशीं उभीं आहेत.